न धरलेली वर्षं

खात्या गोवालच्या घरी आला तेव्हा त्याच्याजवळ एक कुऱ्हाड, कमरेला लंगोट आणि खांद्यावर घोंगडीचा एक तुकडा, एवढंच होतं. आईबाप संवत छप्पनच्या दुष्काळात गेले. पोर मामाकडे वाढलं, आणि मामाच्या घरी आधीच खाणारी तोंडं भरपूर. खात्या कामाला वाघ होता, त्यात वाद नाही, पण लग्नाचं वय झालं तशी पंचाईत झाली. सातपुड्यात मुलीच्या बापाला देज द्यावं लागतं. मुलगी घरातून गेली म्हणजे राबणारे दोन हात गेले, त्याची भरपाई नको? आता खात्याने देज म्हणून काय द्यायचं होतं, कुऱ्हाड?

अशा पोरांसाठी डोंगरात एक रीत होती. ती चांगली रीत होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर खालची माणसं ऐकायच्या आधीच नाक मुरडतात. ज्याच्याकडे देज नाही त्याने मुलीच्या बापाकडे सात वर्षं राहायचं, त्याचं शेत करायचं. घरजावई व्हायचं. मुलगी पहिल्या दिवसापासून त्याचीच. एका छपराखाली राहतात, पोरंबाळं होतात, कुणी काही म्हणत नाही. सात वर्षं भरली की बायकापोरं घेऊन जावयाने आपली वेगळी चूल मांडायची. मध्येच उठून गेला, तर मात्र एकट्याने जायचं. बायको बापाची, आणि पोरंही बायकोच्या बापाची.

वर्षं भरली हे ठरवायचं कसं? तेही साधं होतं. दरसाल पीक आलं की नवाई होते. नवं धान्य आधी देवाला, मग माणसाला. गोवालच्या पाड्यावर त्या दिवशी घरजावयाने सासऱ्याच्या शेतातली पहिली पेंढी डोक्यावर घेऊन खळ्यावर आणायची. कारभारी बघतो, पुजारा बघतो, बायका गाणी म्हणतात, पोरं उगाच मध्ये मध्ये धावतात. पेंढी खळ्यावर टेकली की त्याचं एक वर्ष धरलं. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याला पुढे विचारावं लागत नाही.

खात्या राहिला तो गोवालची थोरली मुलगी फुलीबाई हिच्यासाठी. अंगाने बारीक, तोंडाने तिखट. पहिल्या नवाईला खात्या ज्वारीची पेंढी घेऊन इतक्या जपून पावलं टाकत आला की ती सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "अरे, पेंढी आहे ती, नवरी नाही. उचल पाय जरा!" सगळं खळं हसलं. खात्याही हसला, कानापर्यंत लाल होऊन. त्या वर्षी त्याला पहिल्यांदा वाटलं, की या जगात आपलं काहीतरी आहे. दुसरी नवाईही अशीच झाली. त्या साली पाऊस चांगला होता, मोहाचीही चांगली उतरली होती, आणि कारभारी सुरुपसिंग खळ्यावर इतका नाचला की दुसऱ्या दिवशी त्याला उठवत नव्हतं.

मग जंगलाची रेघ आली.

कुठून आली, कुणी काढली, ते पाड्यावर कुणाला कळलं नाही. एक दिवस साहेब आला, त्याच्यामागे जंगलखात्याचा नाकेदार, त्याच्यामागे साखळी ओढणारी माणसं. त्यांनी उतारावर दगडांच्या बुरज्या रचल्या आणि सांगितलं, की या बुरज्यांच्या वरचं सगळं सरकारचं जंगल. इथे झाड तोडायचं नाही, पालापाचोळ्याचा राब जाळायचा नाही, नांगर घालायचा नाही. गोवालचं शेत उतारावर होतं. वरचा मोठा तुकडा रेघेत गेला, खाली उरली ती एक दगडी पट्टी. बैल वळवायला गेलं तर बैलाचं तोंड सरकारच्या हद्दीत जाई. गोवालने दुर्लक्ष केलं आणि त्याच हिवाळ्यात वर हरभरा पेरला. नाकेदाराने उभ्या पिकात गुरं घातली आणि वर गोवालचा नांगर उचलून नेला; तो दंड भरून सोडवावा लागला.

आता घरात गोवाल, त्याची बायको कालीबाई, दोन लहान पोरं, फुलीबाई, खात्या, आणि फुलीबाईला दिवस गेलेले. एवढ्या माणसांना ती पट्टी किती दिवस पुरणार? आणि खात्यासारख्या गड्याने त्या पट्टीवर करायचं तरी काय? सकाळी नांगर धरला तर दुपारी काम संपायचं.

गोवाल दोन दिवस ती पट्टी पावलांनी मोजत फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने खात्याला आंब्याखाली बोलावलं. "खात्या, खाली लोणखेड्याला मोतीलाल पाटील आहे. त्याला सालदार हवाय. वर्षाची ज्वारी देतो, कपडे देतो. तू जा. ज्वारी आपल्या घरी येईल."

"आणि माझी वर्षं, मामा?" सासऱ्याला तो मामाच म्हणायचा.

"वर्षं कुठे जातात? इथे शेत केलंस काय, तिथे शेत केलंस काय, घर तर माझंच भरतोय ना तू?"

खात्याला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. फक्त फुलीबाईला नाही पटलं. ती म्हणाली, "बाबा, हे सुरुपसिंगकाकाला विचारून घ्या. पाड्यासमोर बोलून घ्या." गोवाल म्हणाला, विचारायचं काय त्यात, घरातली गोष्ट आहे. झालं. विचारायचं राहून गेलं.

लोणखेडं म्हणजे वेगळीच दुनिया. शहाद्याला लागून काळीभोर सपाट जमीन, नजर जाईल तिथवर कापूस. तेव्हा कापसाला भाव चढलेला. गाड्या भरून शहाद्याच्या जिनमध्ये जायच्या, तिथून रुईच्या गासड्या नंदुरबारच्या स्टेशनावर, आणि तिथून आगगाडीने पार समुद्रापर्यंत. मोतीलाल पाटील हा काही राक्षस नव्हता, हेही सांगायला हवं. गड्यांना पोटभर वाढायचा, आजारी पडलं तर काढा द्यायचा, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी स्वतः मोटेवर हजर असायचा. फक्त त्याच्या शेताला माणसं लागत. रेघ पडल्यापासून डोंगरातून माणसं उतरत होती, त्यामुळे ती त्याला मिळतही होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मोतीलालच्या कधी मनात आलं नाही, आणि खात्याच्याही नाही.

अडचण आली ती नवाईला. डोंगरात नवाई येते नेमकी कापूस फुटायच्या दिवसांत. पहिल्या वर्षी खात्याने सुट्टी मागितली, तर मोतीलाल खरोखरच चकित झाला. "कापूस बोंडमा फुटी ऱ्हायना, आनी तुले सन सुझी ऱ्हायना? होळीले जाय ना! होळीले मी स्वतः तुले गुळ बांधी दिसू." आणि दिलाही त्याने, होळीला, गुळाची ढेप. खात्या होळीला वर गेला तेव्हा त्याची मुलगी तापी दोन महिन्यांची होती. त्याने तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती रडली नाही, नुसती बघत राहिली.

"नवाईला तुझी पेंढी मी उचलली," फुलीबाई म्हणाली.

"तू?"

"मग कोण? पोट एवढं पुढे आलेलं, तशीच घेऊन गेले. बायका हसल्या. हसू देत."

"कारभारी काय म्हणाला?"

"काहीच नाही म्हणाला. तेच मला आवडलं नाही."

खात्याने गोवालला विचारलं. गोवालने कोपऱ्यातल्या कणगीवर हात ठेवला, खालून आलेल्या ज्वारीने ती गळ्यापर्यंत भरली होती. "हे बघ, हे तुझं वर्ष." कणगी खोटं कशी बोलेल? खात्या निश्चिंत होऊन खाली गेला.

अशी पाच वर्षं गेली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांचं वर्ष फिरतं; दर आखाजीला खात्याचं नवं साल सुरू व्हायचं, आणि कापणी झाली की ज्वारी गाढवावर लादून वर जायची. फुलीबाई दर नवाईला पेंढी उचलायची. बायकांनी पुढे हसणं सोडलं आणि मग बघणंही सोडलं. दरम्यान मोठी लढाई सुरू झाली होती, कापूस सोन्याच्या भावाने गेला, मोतीलालने माडी बांधली. खात्याच्या हाताला मोटेच्या दोराचे घट्टे पडले. पण त्याच्या डोक्यात एकच चाललेलं: दोन आणि पाच सात. तोरणमाळच्या वाटेवर, रेघेच्या खाली, एक पडीक तुकडा त्याने हेरून ठेवला होता. तिथे कूड कुठे घालायचा, चूल कुठल्या तोंडाने ठेवायची, हे मोटेमागे चालताना त्याने इतक्यांदा ठरवलं होतं की डोळे मिटून सांगितलं असतं.

पाचव्या आखाजीला साल संपवून तो वर आला तो हसतच. सकाळी भाकरी खाताना म्हणाला, "मामा, आता आम्हाला मोकळं करा. सात झाली."

गोवाल भाकरी मोडत राहिला. कालीबाईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"मामा?"

"दोन झाली," गोवाल म्हणाला. मान वर न करता.

"सात झाली, मामा. दोन इथे आणि..."

"खळ्यावर दोनच झाली."

आता इथे गोवालला शिव्या घालायचा मोह होतो. सोपं आहे ते. पण त्या घराकडे बघा जरा. वरचं शेत गेलेलं. दोन पोरं अजून धड नांगर धरायच्या वयाची नाहीत. पाच वर्षं ते घर खालच्या ज्वारीवर उभं होतं. खात्या गेला की ज्वारी गेली, आणि ज्वारी गेली की पावसाळ्यात जंगलात कंद उकरत फिरायचं, तेही नाकेदाराची नजर चुकवून. भल्या माणसालाही भूक दिसली की तो अशी एखादी गोष्ट बोलून जातो, आणि एकदा बोलला की मागे घेता येत नाही. गोवालला लाज वाटत होती. पण त्याने शब्द बदलला नाही.

फुलीबाई मात्र पेटली. "बाबा, पोट भरताना वर्षं दिसली नाहीत का तुम्हाला? पाच वर्षं त्याचं खाल्लंत!"

"गप बस," कालीबाई म्हणाली, आणि तीच रडायला लागली.

गोष्ट पाड्यासमोर गेली. पंच बसणार होते चार दिवसांनी, आणि त्या चार दिवसांत खात्याने एक चूक केली. त्याला वाटलं, आपलं कोण ऐकणार? आपण पोरका घरजावई. पाच वर्षं आपण राबलो हे कुणी वजनदार माणसाने सांगायला हवं. खाली त्याने पाहिलं होतं, कचेरीत असो की बाजारात, मोतीलाल पाटील बोलला की सगळे माना डोलावतात. तेव्हा तो पळतच लोणखेड्याला गेला आणि मोतीलालच्या पाया पडला. "पाटील, वर चला. एवढंच सांगा, की मी पाच वर्षं काम केलं."

मोतीलालला तसंही नव्या सालाचे गडी ठरवायला डोंगरात जायचं होतं. शिवाय आपल्या शब्दाला कुणी एवढी किंमत देतंय म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? तो घोडीवर बसून आला. पाड्यावर त्याला खाट टाकली, पाणी दिलं. फुलीबाईने त्याला खाटेवर बसलेला पाहिलं आणि खात्याला बाजूला ओढून म्हणाली, "याला कशाला आणलंस?"

"साक्षीला."

"अरे वेड्या!" ती म्हणाली. पण का ते तिलाही नीट सांगता येईना, आणि तोवर पंच बसले होते.

सुरुपसिंग म्हातारा होत चालला होता, पण रितीच्या बाबतीत तो चाकूसारखा होता. त्याने मोतीलालला मान देऊन विचारलं, "पाटील, हा तुमच्याकडे होता?"

"पाच वरीस," मोतीलाल छाती काढून म्हणाला. "मन्हा घरमा पाच वरीस काम करं यानी. असा गडी मी देखा नही. पोऱ्यासारखं ठेवं मी त्याले."

खात्याचा चेहरा उजळला. तो आजूबाजूला बघू लागला, ऐकलंत ना सगळ्यांनी, अशा नजरेने.

"काम तुमच्या शेतात केलं?"

"मंग कोना शेतमा? मन्हाच."

"आणि त्या कामाचं तुम्ही दिलं?"

मोतीलालला हा प्रश्न जरा झोंबला. "म्हंजे काय? मी काय फुकट राबाडस का कोनले? दाना दाना गोवालना घर पोचता करा. काहीच बाकी नही शे. इचारा त्याले!"

सुरुपसिंगने गोवालकडे पाहिलं. गोवालने मान हलवली, हो, पोचलं.

"म्हणजे फिटलं," सुरुपसिंग म्हणाला.

"बठ्ठं फिटनं," मोतीलाल म्हणाला, समाधानाने.

सुरुपसिंगने पंचांवरून एकदा नजर फिरवली. मग खात्याला म्हणाला, "पोरा, तूच साक्षीदार आणलास. काम पाटलाचं, पाटलाने त्याचं दिलं, ते फिटलं. फिटलेल्यावर मुलगी कशी मागतोस? आपल्यात जावई अंग देतो ते फिटत नाही, म्हणून तर मुलगी द्यावी लागते. ती पाच वर्षं तू पाटलाला दिलीस. मुलगी हवी तर पाटलाकडे माग."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. मोतीलालला बोली पुरती कळली नसावी, पण लोक हसतायत म्हणून तोही हसला. खात्या एकटा हसत नव्हता. त्याला अजून समजतच नव्हतं, की ज्या माणसाने त्याच्या बाजूने शब्द न् शब्द खरा सांगितला, त्यानेच त्याला बुडवलं कसं.

पंचांनी सांगितलं ते असं: दोन नवाया धरल्या, पाच राहिल्या. गोवालच्या शेतात राहून त्या भराव्या. नको असेल तर आज मोकळ्या हाताने जावं, कुणी अडवणार नाही. बायको आणि पोरगी गोवालच्या घरी राहतील.

"मला कुणी विचारलं का?" फुलीबाई मागून ओरडली. कुणी विचारलं नव्हतं, आणि तिच्या ओरडण्यानंतरही कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी घरात चूल पेटली, पण कुणी जेवलं नाही. प्रश्न उघडा होता. खात्याने वर राहायचं म्हणजे ज्वारी बंद. त्या दगडी पट्टीवर एक गडी राबून काय पिकवणार? आणि खात्या खाली गेला तर वर्षं धरली जाणार नाहीत. गोवालला आता कळलं, की आपण जिंकलो ते काय जिंकलो! त्याला जावई हवा होता तो ज्वारीसाठी, आणि पंचांनी जावई दिला तो ज्वारीवाचून.

"मी जाते," फुलीबाई म्हणाली.

"कुठे?"

"खाली. वेचणीला, निंदणीला, जे मिळेल त्याला. याने इथे बसून पेंढ्या उचलाव्यात. याने मला कमवायचंय ना? मग मीच पोसते सगळ्यांना तोवर." आणि ती हसली, पण ते हसू असं होतं की खात्याला ते बघवेना.

तो म्हणाला, "फुली, चल आपण पळून जाऊ. तापीला घेऊन."

"आणि मग? आईबापाच्या दारात कधी उभी राहू? पोरीला उद्या जातीत कोण घेईल?" ती त्याच्या जवळ सरकली. "पाचच तर आहेत. काढू."

ती गेली. मोतीलालने तिला लगेच ठेवून घेतलं. बायका वेचणीला हव्याच असत, आणि गड्यापेक्षा त्यांना कमी द्यावं लागे. तापी आजीजवळ राहिली. खात्या त्या पट्टीवर राबू लागला. काय राबणार? दगड वेचले, बांध घातला, पुन्हा तेच दगड दुसरीकडे नेऊन रचले. कधी कधी तो नुसता रेघेच्या बुरजीवर बसून खालच्या मैदानाकडे बघायचा. दिवस स्वच्छ असेल तर शहाद्याकडचा धूर दिसायचा. पाड्यावरच्या बायका टोमणे मारत, "बायको राबते आणि हा बसतो." त्यांचं काय चुकलं? दिसत तर तसंच होतं.

त्या साली त्याने तिसरी पेंढी आणली. पट्टीवरची ज्वारी एवढीशी, पेंढी मुठीत मावेल अशी. सुरुपसिंगने ती धरली. फुलीबाई नव्हती बघायला, ती कापसात होती. होळीला ती आली तेव्हा तिचे हात बोंडांनी चिरलेले होते आणि केसांत कापसाचा भुगा बसलेला. तापी आधी तिच्याजवळ जाईना. मग गेली ती दोन दिवस सोडेना.

"किती राहिल्या?" फुलीबाईने विचारलं. तिला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"चार."

"बघ, झालंच की."

पुढच्या नवाईला खात्याने चौथी पेंढी आणली. तो खळ्यावरून परतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी वेचणीला गेलेली माणसं एकेक करून वर यायला लागली. कुणी काठीला धरून, कुणी पाठीवर. खाली मानमोडीची साथ आली होती. सकाळी अंग तापायचं, तिसऱ्या दिवशी माणूस नसायचं. खात्याने प्रत्येकाला विचारलं. कुणी नजर चुकवली, कुणी म्हणालं माहीत नाही. शेवटी उखा नावाचा शेजारी म्हणाला, "जाऊन ये रे बाबा तू."

गोवाल आणि खात्या दोघे निघाले. लोणखेड्यात अर्धी घरं बंद. मोतीलाल स्वतः घोंगडं पांघरून ओट्यावर बसला होता, डोळे खोल गेलेले. खात्याला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. "दोन दिनमा गयी रे. मी काढा दिधा, सगळं करं. काय करशी? मन्हा धाकला पोऱ्याबी गया." गोमाई नदीच्या काठी, जिथे त्या आठवड्यात माणसं एकापाठोपाठ एक पुरली, तिथे त्याने हाताने दाखवलं. नेमकी जागा त्यालाही सांगता येईना.

मग मोतीलाल आत गेला आणि ज्वारीचं एक पोतं ओढत बाहेर आला. फुलीबाईच्या कामाचं होतं ते. त्याने ते गोवालपुढे ठेवलं, कारण देणं राहिलं तर त्याला झोप लागली नसती. गोवालने पोत्याला हात लावला नाही. शेवटी खात्याने पोतं उचललं आणि डोंगराची वाट धरली. घरात तापी होती, तिला खायला लागणार होतं.

वर दिवस घातले. मेलेल्या बाईच्या दिवसांना नवरा पुढे बसतो. पण खात्याची वर्षं भरली नव्हती, म्हणून पुढे गोवाल बसला. खात्याने जेवणासाठी लाकडं फोडली, पाणी भरलं, पाहुण्यांना पत्रावळी वाढल्या. लोक त्याला आणखी भाकर मागत होते आणि तो आणून देत होता. एकदा मात्र तो घरामागे गेला आणि भिंतीवर डोकं आपटत राहिला. कालीबाईने जाऊन त्याला धरलं.

दिवस झाल्यावर गोवाल म्हणाला, "खात्या, तू जा आता. कोण कुणासाठी राहायचं? तू तरणा आहेस, दुसरीकडे बघ. पोरीला आम्ही सांभाळू." चांगल्या मनाने म्हणाला.

"तीन राहिल्या, मामा," खात्या म्हणाला.

पाड्याला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. मेलेल्या बायकोसाठी कुणी अंग देतं का? पण डोकं फिरलं नव्हतं. गेला असता तर तापी गोवालची. तिचं लग्न गोवाल लावणार, देज गोवाल घेणार, आणि तोवर तिला खाली पाठवायची वेळ आली तर गोवालच पाठवणार. खात्याला एवढंच दिसत होतं, की त्या कापसात ही एक जाऊ द्यायची नाही. निदान दुसऱ्याच्या शब्दावर तरी नाही.

तीन वर्षं तो त्या पट्टीवर राहिला. आता खाली कुणी राबत नव्हतं, तेव्हा घरात भूक होती. पावसाळ्यात कंद, उन्हाळ्यात मोह, आणि नाकेदार दिसला की झुडपात लपायचं. गोवालचा मोठा पोरगा जरा उंच झाला तसा तोही लोणखेड्याला सालदार म्हणून गेला. गोवाल त्याला निरोप द्यायला बुरजीपर्यंतसुद्धा गेला नाही. खात्या तापीला घेऊन शेतात जायचा, तिला नांगरावर बसवायचा, पाखरं कशी हाकायची ते शिकवायचा. ती आईसारखी तिखट निघाली होती. एकदा म्हणाली, "बा, तू हेच दगड काल तिकडे नेलेस, आज इकडे आणलेस. काय चाललंय तुझं?" त्या दिवशी खात्या हसला. कितीतरी महिन्यांनी.

सातवी नवाई आली. खात्याने शेवटची पेंढी आणली तेव्हा सगळा पाडा जमला होता. अशा वेळी गाणी म्हणतात, पण त्या दिवशी कुणी गायलं नाही. पेंढी खळ्यावर टेकली. घरजावयाची वर्षं भरली की कारभाऱ्याने दोन शब्द बोलायचे असतात आणि जावयाने एका शब्दात उत्तर द्यायचं असतं, तेव्हाच तो मोकळा होतो.

सुरुपसिंग काठीला धरून उभा राहिला. बोलेना. पुजारा त्याच्या कानाशी लागला, की राहू द्या, नुसतं मोकळा झाला असं म्हणा. सुरुपसिंगने मान हलवली. रीत अर्धी ठेवली तर उद्या कुणीतरी उठून म्हणेल की वर्षं पुरी झालीच नाहीत, आणि पोरगी पुन्हा अडकेल. असं म्हणणारं कुणी निघू शकतं, हे त्याला गोवालवरून कळलं होतं. त्याने खात्याकडे पाहिलं नाही. समोर कुठेतरी बघत तो म्हणाला, "अंग दिलंस, घर भरलंस. तुझी बायको घेऊन जा."

कालीबाईने पदर तोंडात कोंबला. गोवाल खाली बसला. खात्या खाली वाकून पेंढी सारखी करू लागला.

"बोल, पोरा," सुरुपसिंग म्हणाला. "बोलावं लागतं."

"घेतली," खात्या पुटपुटला.

"मोठ्याने. सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे."

"घेतली!" खात्या ओरडला, आणि त्या आवाजाने घाबरून तापी आजीच्या मागे लपली.